सरकत्या सीमेचे गणित

१/ इ.स. १८८९. व्हिएन्नातील भौतिकशास्त्रज्ञ योझेफ श्टेफान यांच्यासमोर ध्रुवीय मोहिमांच्या नोंदी होत्या. प्रश्न एकच: समुद्रावरील बर्फ किती वेगाने जाड होतो?

२/ गोठताना पाणी सुप्त उष्णता सोडते. ती बर्फातूनच थंड हवेकडे जाते. बर्फ वाढला की तिची वाट लांबते. जी सीमा शोधायची, तीच प्रवाह ठरवते!

३/ श्टेफान यांचे उत्तर: जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट जाडीला चौपट काळ.

४/ लामे व क्लापेरॉन यांनी १८३१ मध्येच असा नियम मांडला होता. नाव मात्र श्टेफान यांचे राहिले.

५/ आज पोलादाच्या अखंड ओतकामात किती पाणी फवारावे, हे याच गणिताने ठरवता येते. गोठलेले कवच पातळ राहिले, तर आतला तप्त रस फुटून बाहेर येतो.