मुदतीचे वचन

शाळेचे वेळापत्रक कार्यालयातल्या वहीत असते आणि शिक्षक त्याची नक्कल आपापल्या डायरीत उतरवून घेतात. वहीत बदल झाला की डायरी चुकते. दर तासाला कार्यालयात जाऊन वही पाहावी, तर शिकवायचे कधी? १९८०च्या दशकात संगणक जाळ्याने जोडले जाऊ लागले, तेव्हा असाच पेच उभा राहिला.

सन कंपनीच्या एनएफएस या पद्धतीत फाइली एका सर्व्हरवर असत. इतर संगणक त्यांच्या प्रती जवळ ठेवून काही सेकंदांनी पुन्हा विचारणा करीत. मधल्या काळात प्रत शिळी होऊ शके. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने उलटी वाट धरली. सर्व्हरनेच वचन द्यायचे, ‘बदल झाला की कळवीन.’ पण ज्याला कळवायचे तो संगणक बंद पडला किंवा मधली तार तुटली तर? सर्व्हर थांबून राहिला तर फाइल सर्वांसाठी अडकते; न थांबता पुढे गेला, तर तारेपलीकडचा संगणक जुन्या प्रतीलाच खरे मानतो.

१९८९ साली स्टॅनफर्डच्या कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी या वचनाला मुदत जोडली आणि त्याला ‘लीज’, म्हणजे भाडेपट्टा, असे नाव दिले. मुदतीत फाइल बदलायची तर पट्टेदाराची संमती हवी. तो गप्पच असेल तर मुदत संपेपर्यंत थांबायचे, बस्स! मुदत लांबलचक असावी असे आपल्याला वाटेल; त्यांच्या हिशेबात दहाएक सेकंदही पुरेसे ठरले. मात्र दोन्हीकडची घड्याळे साधारण सारख्या गतीने चालायला हवीत. पट्टेदाराचे घड्याळ मंद असेल तर संपलेला पट्टा त्याला चालूच वाटेल. (सर्व्हरचे घड्याळ मंद असेल तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे.)

लिनक्सच्या २.४ आवृत्तीत (२००१) एकाच संगणकावरच्या प्रोग्रॅमलाही असा पट्टा मिळू लागला. येथे मुदत आधी ठरलेली नसते. दुसऱ्या कोणी पट्ट्याच्या आड येईल अशा रीतीने फाइल उघडू पाहिली की कर्नल पट्टेदाराला इशारा देतो, आणि सहसा ४५ सेकंदांत पट्टा सुटला नाही तर तो स्वतःच काढून घेतो.

पण फाइल एनएफएसवरची असेल तर? कर्नलला फक्त आपल्या दारातली ये-जा दिसते; दुसऱ्या संगणकाने केलेला बदल त्याला कळत नाही. मग त्याने वचन कशाच्या जोरावर द्यावे? म्हणून अशा फाइलींवर पट्टा नाकारणेच प्रामाणिकपणाचे ठरले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हरच फाइलीचा अधिकार काही काळ एखाद्या संगणकाकडे सोपवू शकतो. तो हाती असेल तरच तिथला कर्नल आपल्या प्रोग्रॅमला पट्टा देतो. पोटभाडेकरू ठेवावा तसा.