शिल्लक वेग

आयबीएमचा पीसी-एटी 1984 साली बाजारात आला, तेव्हा त्यात 12 मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टल असे आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे 6 मेगाहर्ट्झ वेगाने आतला 80286 प्रोसेसर चाले. हा क्रिस्टल सहज काढता येई. त्या जागी 16 मेगाहर्ट्झचा बसवला की तेच यंत्र 8 वर पळू लागे: खर्च किरकोळ आणि वेग एक-तृतीयांशाने जास्त. आयबीएमला हे पसंत पडले नाही. नंतरच्या बायोसमध्ये कंपनीने वेगाची तपासणी घातली, आणि ठरल्यापेक्षा जलद क्रिस्टल बसवलेला एटी सुरूच होईना. लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करावे का, हा आजचा प्रश्न या जुन्या भांडणाच्या उजेडात पाहिला तर बराच सोपा होतो. ओव्हरक्लॉकिंगने चिपमध्ये नवी ताकद येत नाही. तिची खरी कुवत आणि तिच्यावर छापलेला आकडा यांच्यात जी शिल्लक पडून असते, तेवढीच वसूल होते. तेव्हा आधी विचारायचे ते हे की शिल्लक आहे का, आणि ती कुणी, कशासाठी ठेवली.

डेस्कटॉपच्या जमान्यात ती बहुधा बाजारासाठी ठेवलेली असे. 1998 मधला इंटेलचा सेलेरॉन 300ए हे त्याचे सर्वात गाजलेले उदाहरण. याचा गुणक साडेचार, मदरबोर्डचा बस वेग 66 मेगाहर्ट्झ, आणि या दोन्हींचा गुणाकार म्हणजे चिपचा वेग. बस वेग 100 वर नेला की 300 चा सेलेरॉन 450 वर चाले, आणि 128 किलोबाइटचा कॅश चिपमध्येच, पूर्ण वेगाने धावणारा असल्याने, पाव किमतीच्या आसपास मिळणारी ही चिप महागड्या पेंटियम टू 450 च्या जवळ जाऊन बसे. इंटेलला स्वस्त माल हवा होता म्हणून चांगले सिलिकॉन हलक्या लेबलाखाली विकले जात होते. गिऱ्हाइकाने फक्त लेबल खरवडले. (तेच लेबल खरोखर खरवडून जास्त आकडा छापणारे भामटे व्यापारीही त्या काळात होते, आणि गुणकाला कुलूप लागण्यात त्यांचाही वाटा आहे.) पुढे एएमडीच्या ॲथलॉनवरचे तुटके पूल शिसपेन्सिलीने जोडून लोकांनी तेही कुलूप उघडले. या सगळ्या कथांमध्ये एक गोष्ट गृहीत आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही: आजूबाजूला मोकळी पेटी होती, मोठा पंखा लावायला जागा होती, आणि चिप जळाली तर दुसरी आणून बसवता येत होती.

लॅपटॉपमध्ये या तिन्ही गोष्टी नाहीत. तिथे वेगाला लेबलाआधी उष्णतेने अडवलेले असते. चिप खात असलेली वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज पाच टक्के चढवावे लागले, तर वीज सुमारे एकवीस टक्के जास्त लागते, आणि तिची सगळी उष्णता त्याच पातळ हीट पाइपांतून बाहेर काढायची असते. बदल्यात 60 फ्रेम्सचे फार तर 66 होतात, तेही वीज आणि तापमानाची मर्यादा आधीच गाठलेली नसेल तर. ती बहुतेकदा गाठलेली असते. आरटीएक्स 4060 हे एकच नाव धारण करणारी लॅपटॉप चिप 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कुठल्याही मर्यादेत विकली जाते. म्हणजे शिल्लक आहे, पण ती सिलिकॉनमध्ये आहे. लॅपटॉपच्या पोटात नाही. बरे, मर्यादाही ऋतूप्रमाणे सरकते. चिपला सुमारे 87 अंशांवर आवरते घ्यावे लागत असेल, तर 25 अंशांच्या खोलीत तिच्यापाशी 62 अंशांचे अंतर असते आणि विदर्भातल्या मे महिन्यात, 40 अंशांच्या खोलीत, 47 चे. जानेवारीत निर्वेध चाललेली सेटिंग उन्हाळ्यात कोसळते, ती म्हणूनच.

यावर नेहमीचा आक्षेप असा की चिप स्वतःच तापमान ओळखून वेग उतरवते, मग धोका कसला? एका झटक्यात जळण्याचा धोका खरोखरच कमी आहे, हे मान्य करायला हवे. पण यंत्राचे वय झटक्यात मोजले जात नाही. धातूच्या सूक्ष्म तारांमधले अणू विजेच्या प्रवाहाबरोबर सरकत जातात, आणि प्रवाह व तापमान वाढले की आयुष्य किती झपाट्याने घटते याचे समीकरण जेम्स ब्लॅक यांनी 1969 मध्येच मांडले होते. तापणे-निवणे या फेऱ्यांचा इतिहास तर आणखी बोलका आहे. जुलै 2008 मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या सदोष ग्राफिक्स चिपांसाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिप आणि तिचे पॅकेज जोडणारे साहित्य वारंवारच्या उष्णतेने दगा देत होते. हे ओव्हरक्लॉकिंगमुळे झाले नव्हते, दोष साहित्याचाच होता. पण लॅपटॉपमध्ये आधी काय तुटते ते यातून दिसले. आणि आज ग्राफिक्स चिप बहुतेक ठिकाणी मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. ती गेली की अख्खा बोर्ड गेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरमधून लॅपटॉपवरील 900 मालिकेच्या कार्डांचे ओव्हरक्लॉकिंग बंद केले. लॅपटॉपची रचना त्यासाठी नसते, हे कारण दिले. गिऱ्हाइके इतकी खवळली की त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. फायदा नसता तर लोक एवढे का संतापले असते? फायदा होताच. 900 मालिकेची ती मॅक्सवेल पिढी विजेच्या बाबतीत काटकसरी होती आणि जाड, दणकट गेमिंग लॅपटॉपमध्ये तिला श्वास घ्यायला जागा मिळे. पण तेव्हाच ही शिल्लक आटू लागली होती. 2012 च्या जीटीएक्स 680 पासून कार्ड स्वतःच वीज आणि तापमान पाहून वेग चढवू लागले होते. क्रिस्टल बदलणारा माणूस जे करायचा ते कारखान्यातच, क्षणाक्षणाला, होऊ लागले. आता स्लायडर पुढे सरकवणारा बहुतेकदा स्वतःच्याच कार्डाशी ओढाताण करत असतो.

शिल्लक उरली आहे ती उलट्या दिशेला. प्रत्येक चिपला जरा जास्तच व्होल्टेज दिलेले असते, कारण कारखान्याला सर्वात कमअस्सल नगही चालवायचा असतो. तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळवला की उष्णता घटते आणि कार्ड वरचा वेग जास्त काळ टिकवते. सेटिंग चुकली तर खेळ बंद पडतो, बोर्ड शाबूत राहतो. जुन्या अर्थाने वसुली म्हणायची ती हीच. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र हीही वाट अरुंद झाली. डिसेंबर 2019 मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला उघड झाला: मुद्दाम व्होल्टेज उतरवून इंटेल प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गणिते चुकवता येत होती. त्यानंतर अनेक लॅपटॉपवर व्होल्टेज उतरवण्याची सोय बंद झाली, आणि पुन्हा एकदा बायोसमधूनच.