मेंदूंतील विजेचा ठावठिकाणा

जर्मनींतील येना येथील विद्यापीठांत हान्स बर्गर नांवाचे मनोविकारांचे एक अबोल व शिस्तप्रिय प्राध्यापक होते. १९२४ सालीं त्यांनीं एका तरुण रुग्णाच्या डोक्यावरून मानवी मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथम टिपल्या. शस्त्रक्रियेमुळें या रुग्णाच्या कवटीचा कांहीं भाग काढलेला होता. सशांच्या व माकडांच्या उघड्या मेंदूवर असे प्रवाह लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनीं १८७५ मध्येंच पाहिले होते. मनुष्याच्या बाबतींत मात्र हें नवीन होतें. आपल्या हातून कांहीं चूक तर होत नाहीं ना, या शंकेनें बर्गर यांनीं पांच वर्षें तोंड उघडलें नाहीं. १९२९ सालीं त्यांनीं लेख छापला, तोहि फारसा कोणीं मनावर घेतला नाहीं. केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनीं १९३४ सालीं तेच प्रयोग करून दाखविले, तेव्हां कोठें विद्वानांचा विश्वास बसला. या आलेखास पुढें ई. ई. जी. हें नांव रूढ झालें.

लहरी उमटतात हें ठरलें. पण त्या मेंदूच्या कोणत्या कोपऱ्यांतून येतात? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. अपस्माराचे झटके पुष्कळदां मेंदूच्या एका लहानशा भागांतून सुरू होतात. औषधांस दाद न देणाऱ्या रुग्णाचा तेवढाच भाग काढून टाकतां आला, तर त्याची सुटका होऊं शकते. मात्र शस्त्र बोटभर जरी चुकलें, तरी वाचा किंवा हाताची हालचाल जाण्याचें भय! इंग्लंडांत ग्रे वॉल्टर यांनीं १९३६ सालीं डोक्यावरील निरनिराळ्या जागांच्या लहरी ताडून पाहून मेंदूंतील गांठीचा पत्ता लावला. गांठ स्वतः मुकीच असते. तिच्या भोंवतालच्या भागांतून उठणाऱ्या संथ लहरींनीं ती उघडी पाडली.

खरी अडचण त्याच्याहि पुष्कळ आधीं, १८५३ मध्यें, हेल्महोल्ट्झ यांनीं सांगून ठेवली होती. वाहक पदार्थाच्या पृष्ठभागावर विजेचें जें मान दिसतें, तेंच मान आंतील अगणित निरनिराळ्या मांडण्यांपासून उत्पन्न होऊं शकतें, असें त्यांनीं गणितानें सिद्ध केलें. शेजारच्या बंद खोलींत माणसें बोलत असावींत. भिंतीला कान लावणाऱ्यास आवाज येतो, पण भिंतीजवळ एकजण हळू बोलत आहे, कीं दूर कोपऱ्यांत चौघे मोठ्यानें, हें त्यानें कसें सांगावें? कवटी ही अशीच भिंत आहे. तिच्यांतून वीज मोठ्या कष्टानें वाहते व बाहेर पोंचेपर्यंत पसरून पुसट होते. त्यांतच पूर्वींच्या गणितांत डोकें म्हणजे एकांत एक बसविलेले गोल, असें मानीत. गणिताला गोल सोयीचा. पण कोणाचें डोकें गोल असतें?

पॉल लॉटरबर यांनीं १९७३ सालीं चुंबकीय अनुनादानें चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यांतून पुढें एम. आर. आय. यंत्र आलें. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजनचे संकेत टिपून तें कवटी न उघडतां मेंदूच्या घड्या दाखवितें. १९९३ सालीं डेल व सेरेनो यांनीं या चित्रांची ई. ई. जी. च्या गणिताशीं सांगड घातली. डोक्यावर पोंचणारी वीज मुख्यतः मेंदूच्या बाह्य थरांतील पेशींची असते, आणि त्या पेशी थराशीं काटकोनांत उभ्या असतात. मग उगम कवटीच्या पोकळींत वाटेल तेथें कां शोधावा? त्याच रुग्णाच्या चित्रांतील घड्यांवर तो शोधावा, प्रवाहाची दिशाहि तेथूनच घ्यावी. याकरितां डोक्यावरील प्रत्येक विद्युदग्राची जागा मोजून चित्राशीं जुळवावी लागते. ती चुकली, कीं उत्तरहि चुकलें.

हेल्महोल्ट्झ यांचा सिद्धांत यामुळें खोटा ठरला नाहीं. अगणित उत्तरांपैकीं बरींचशीं बाद झालीं, इतकेंच. चित्र कवटीचा आकार सांगतें, तिच्यांतून वीज किती वाहते हें सांगत नाहीं. मेंदूच्या ऐंशीवा हिस्सा, हा आकडा कित्येक वर्षें धरीत. पुढील मोजमापांत हा फरक बराच कमी निघाला. पडद्यावरील तांबडा ठिपका पाहून संशय फिटल्यासारखा वाटतो खरा, परंतु तो ठिपका गृहीतकांवर बेतलेला अंदाजच असतो. म्हणून जेथें शंका उरते, तेथें शस्त्रक्रियेपूर्वीं वैद्य आजहि कवटीस बारीक छिद्रें पाडून विद्युदग्रें मेंदूंतच बसवितात, आणि पुढील झटका येण्याची वाट पाहतात.