झारेकरी
सोनारांच्या दुकानांतील केरमातीतून सोने वेगळे काढणारी महाराष्ट्रातील एक व्यावसायिक जात. तिला धुळधोये असेही म्हणतात. आर्. ई. एन्थोवेन यांच्या मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९२०–२२) तिची नोंद आहे. कानशीचे कण मिसळलेला केर, भट्टीची राख व फुटक्या मुशी झारेकरी विकत घेत. मातीत सोने किती, हे धुतल्यावरच कळे. साहजिकच नुकसानीचा धोका घेणाऱ्याचा, सोनाराचा नव्हे. सोन्याचे वि. गु. सु. १९·३ असल्याने धुताना हलकी माती वाहून जाते व जड कण तळाशी राहतात. ते पाऱ्यात धरून पारा तापवून उडवीत. ही वाफ मज्जासंस्थेस व मूत्रपिंडांस घातक असते. पाऱ्यावरील नियंत्रणाच्या मिनामाता करारास भारताने २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले.