गिरवल्याशिवाय अक्षर नाही

अकोल्याच्या धाकट्या भावाला दिवाळीनंतर लकवा झाला. उजवा हात गेला. परवा अमरावतीहून भेटायला गेले, तर उशीखालून एक पत्रक काढून म्हणाला, "ताई, डोक्याले हे चुंबकाचं मशीन लावलं तं हात हालन काय वं? एक एकर इकून टाकतो." मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले. मास्तरकीची सवय!

डोक्याला वीज लावण्याचं वेड जुनंच. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळावर ठेवायला सांगे. आजचं चुंबकाचं यंत्र १९८५ चं. इंग्लंडात शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरलं आणि माणसाचा हात आपोआप हलला, कवटी न उघडता! २००० साली जर्मनीत निट्शे व पाउलुस यांनी अगदी सौम्य विजेनेही मेंदूची उत्तेजना बदलते हे दाखवलं. मग विचार पुढे आला, की आधी मेंदू जागा करावा, लगेच व्यायाम घ्यावा, म्हणजे धडा चांगला मुरेल.

व्यायामाची बाजू आपल्या ओळखीची. आमच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्येच हनुमान आखाडा काढला. आजारी शरीराला शिकवण्याचं शास्त्र, म्हणजे फिजिओथेरपी, मुंबईच्या केईएममध्ये १९५३ साली पोलिओच्या साथीनंतर शिकवलं जाऊ लागलं.

आता निकाल ऐका. २०१८ मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, रुग्ण १९९. काहींना खरं चुंबक, काहींना नुसतं सोंग. व्यायाम मात्र सगळ्यांना. शंभरात ६७ आणि ६५ जणांचा हात सुधारला. म्हणजे फरक नाहीच! काही लहान प्रयोगांत फायदा दिसला आहे, संशोधन चालू आहे. पण व्यायामाशिवाय नुसतं यंत्र कुणी शहाणा सुचवत नाही. भावाच्या पत्रकात व्यायामाचा शब्दही नव्हता.

मी फोन केला. म्हटलं, "वावर विकू नकोस. यंत्राचं डॉक्टरांना विचार. फिजिओथेरपीवाल्या ताईंचा एकही दिवस चुकवू नकोस." चाळीस वर्षं पोरांकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. हाताचंही तसंच असणार.

त्या ताईंनी त्याला ताटलीतले तुरीचे दाणे वाटीत टाकायला सांगितलंय. काल म्हणाला, "ताई, तीन टाकले."