गणिताचा प्राध्यापक आणि ओपन सोर्स डेव्हलपर: दोन्ही एकत्र जमतं का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर आमच्या माणिकपूरमधली बारावीची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: गणितात पुढे जायचंय, पण कोडिंगही सोडायचं नाही, काय करू? थोडक्यात उत्तर: दोन्ही जमतं, पण दोन्हींचं श्रेय सारखं मिळत नाही. चला, नीट समजून घेऊया.

आधी एक खरं उदाहरण

कपिल हरी परांजपे हे बैजिक भूमिती या विषयातले गणितज्ञ. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत काम करून ते पुढे आयसर मोहालीत प्राध्यापक झाले. २००५ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. हेच परांजपे डेबियनचे अधिकृत डेव्हलपरही राहिले आहेत. डेबियन ही लिनक्सवर चालणारी, स्वयंसेवकांनी सांभाळलेली ऑपरेटिंग सिस्टिम. उबुंटू तिच्यावरच उभी आहे.

गणितवाल्यांना ओपन सोर्स का लागतं?

गणितात 'उत्तर बरोबर आहे, विश्वास ठेवा' चालत नाही. सिद्धतेची प्रत्येक पायरी दिसली पाहिजे. आता समजा, सिद्धतेतला एक भाग कॉम्प्युटरने मोजला आणि त्या सॉफ्टवेअरचा कोड बंद आहे. मग ती पायरी तपासणार कशी? आमच्या कामात कोड रिव्ह्यू असतो, तसाच हा प्रकार. कोडच दिसला नाही तर रिव्ह्यू कसला?

म्हणूनच विल्यम स्टाइन या अमेरिकन गणितज्ञाने २००५ मध्ये सेज सुरू केलं. मॅग्मा, मॅथेमॅटिका, मॅटलॅब यांना मोफत आणि खुला पर्याय देणं हा उद्देश. पायथन वापरून त्यात पारी, गॅप अशी आधीची खुली गणिती सॉफ्टवेअर एकत्र जोडली आहेत.

मग अडचण कुठे आहे?

वेळेत आणि श्रेयात. प्राध्यापकाची निवड आणि बढती यांत वजन मुख्यतः शोधनिबंधांना असतं. तुम्ही सहा महिने बग काढलेत, हजारो लोकांना फायदा झाला, तरी बायोडेटात ती एक ओळ ठरू शकते. स्टाइन यांनी तर पुढे विद्यापीठातली कायमची नोकरी सोडली आणि सेजवर आधारलेल्या कंपनीला पूर्ण वेळ दिला.

परिस्थिती थोडी बदलतेय. २०१६ पासून 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' हे नियतकालिक निघतं. त्यात सॉफ्टवेअरवर छोटा निबंध द्यायचा. निबंधासोबत कोड आणि डॉक्युमेंटेशनही तपासलं जातं. म्हणजे कोडला संदर्भ म्हणून उद्धृत करता येतं.

माझं मत विचाराल तर, संशोधनाला लागणारंच सॉफ्टवेअर निवडा. दोन वेगळी कामं अंगावर घेतलीत, तर परीक्षेच्या किंवा पीएचडीच्या ताणात कोडिंग आधी सुटतं.

आजपासून काय करता येईल?

१. सेजसेल: फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. एखादी मोठी संख्या देऊन तिचे मूळ अवयव काढून बघा.

२. स्पोकन ट्युटोरियल: आयआयटी मुंबईचा प्रकल्प. पायथन, लिनक्स, सायलॅब यांचे छोटे व्हिडिओ. बरेचसे मराठीतही आहेत.

३. फॉसी: हाही पवईचाच. यातल्या टेक्स्टबुक कम्पॅनियन उपक्रमात पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं खुल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात. मंजूर कामाला मानधन देण्याची पद्धत आहे. सध्याचे नियम साइटवर बघून घ्या.

४. गिटहब: सेज आणि सिंपाय दोन्हींचा कोड इथे आहे. पहिल्याच दिवशी मोठं फीचर लिहायला जाऊ नका. डॉक्युमेंटेशनमधली चूक दुरुस्त करा किंवा एक टेस्ट लिहा.

लॅपटॉप नसेल तर पहिल्या दोन गोष्टी फोनवरच सुरू करा. मात्र गणिताचा पाया कच्चा ठेवू नका. पायथन महिन्याभरात हाताला बसेल. बीजगणित आणि विश्लेषण पक्कं व्हायला वर्षं लागतात.