जिन, इंजिन आणि इंजिनिअर

जिन म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यासमोर ग्लास आणि लिंबाची फोड येते. लहान मुलांच्या डोळ्यासमोर दिव्यातून निघणारा धिप्पाड प्राणी. पण जळगाव-धुळ्याच्या माणसाला विचारा, तो सांगेल, जिन म्हणजे जिथे कापूस जातो ते! कापूस आत जातो, सरकी एकीकडे निघते, रुई दुसरीकडे, आणि मग रुई दाबून गाठी बांधतात. "जिनात कामाला आहे", "जिनपाशी उतरा", अहिराणीत "जिनमा"... शब्द इतका आपला झालाय की तो इंग्रजी आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

तर आज या शब्दाची कुंडली मांडू.

आधी नुसते नामसाधर्म्य असलेले बाजूला काढू. प्यायची जिन आली डच 'जेनेव्हर'वरून, म्हणजे जुनिपर नावाच्या झुडपावरून. दिव्यातला जिन अरबी. जैनांचे जिन संस्कृत 'जि' धातूपासून, म्हणजे जिंकणारे. तिघांचाही कापसाच्या जिनशी काहीएक संबंध नाही.

आपलं जिन म्हणजे चक्क 'इंजिन'. पुढचा 'इं' झिजून गेला आणि 'जिन' उरलं. ही झीज आपल्याकडे नाही, इंग्लंडातच झाली आणि तीही सुमारे 800 वर्षांपूर्वी. जुन्या फ्रेंचमध्ये 'आंजँ' असा शब्द होता. त्याचे अर्थ हुशारी, युक्ती, आणि लढाईचं यंत्र. तो आला लॅटिन 'इंगेनियुम'वरून, म्हणजे जन्मजात बुद्धी. त्यातला 'गेन' म्हणजे उत्पन्न करणे, आणि तोच आपल्या संस्कृत 'जन्' धातूचा सख्खा भाऊ. जन्म, जनक, जात हे सगळे शब्द त्याच घरातले. म्हणजे जिन आणि जन्म लांबचे नातेवाईक निघाले! इतिहासाचार्य राजवाडे, ज्यांनी आयुष्यभर कागदपत्रांबरोबर धातू आणि व्युत्पत्तीही धुंडाळल्या, ते 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या गावातल्या जिनांची नाळ 'जन्'शी जुळते, हे मला फार आवडलं.

आणि इंजिनिअर? तोही याच कुळातला. मूळ अर्थ, किल्ल्यांवर दगड फेकणारी यंत्रं बनवणारा. इंजिनाचा वाफेशी संबंध बराच नंतर आला.

पण खरी गंमत पुढे आहे. जुन्या इंग्रजीत 'जिन'चा आणखी एक अर्थ होता : सापळा. पाखरं, ससे पकडायचा फास. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द याच अर्थाने येतो. युक्ती आणि फास, एकाच शब्दात. मला वाटतं कापसाच्या जिनची सगळी गोष्ट या दोन अर्थांत मावते.

कापसातून सरकी काढायची युक्ती आपल्याकडे फार जुनी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एका रुळाने सरकी काढण्याचं काम दिसतं असं अभ्यासक सांगतात, म्हणजे किमान दीड हजार वर्षं झाली. आणि अजिंठा जळगावहून तासा-दीड तासावर! पुढे दोन रुळांची हाताने फिरवायची चरखी आली.

अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी मात्र रुईला घट्ट चिकटलेली. ती रुळाने सुटेना. एली व्हिटनीने दातेरी यंत्र केलं आणि 14 मार्च 1794 ला त्याचं पेटंट मिळवलं. सरकी काढायचे कष्ट वाचले, म्हणजे गुलामांचे हाल कमी व्हायला हवे होते, नाही का? झालं उलटंच. कापूस फायद्याचा झाला, शेतं वाढली आणि वेचायला आणखी माणसं हवी झाली. 1790 मध्ये अमेरिकेत सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये ते 40 लाखांच्या घरात गेले.

त्यातूनच 1861 ते 1865 चं यादवी युद्ध पेटलं. अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरची नजर आपल्याकडे वळली. कापसाला सोन्याचा भाव आला, 1865 ला युद्ध संपताच कोसळला. त्याच दशकात रेल्वे खानदेशातून गेली आणि पुढे वाफेची जिनं उभी राहिली. यातली बहुतेक यंत्रं व्हिटनीच्या दातेरी जातीची नव्हती. फोन्स मॅकार्थीने 1840 मध्ये पेटंट घेतलेल्या रुळाच्या जातीची होती. आजही आपल्याकडे मुख्यतः दोन रुळांचीच जिनं चालतात. म्हणजे यंत्र परकं, पण तत्त्व अजिंठ्याच्या चित्रातलंच :)

आता फासाची बाजू. 1884-85 साली मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांबद्दल साक्षी झाल्या. हंगामात पहाटे 4 पासून रात्री 10 पर्यंत काम. 18 तासांचे 3-4 आणे. कामावर बायकाही होत्या. कायदा नव्हता का? होता, 1881 चा. पण वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे आणि शंभरापेक्षा कमी माणसांचे कारखाने त्यातून वगळलेले. जिन हंगामी, त्यामुळे बरीचशी अलगद सुटली. कायद्यातली ती पळवाटही कुणाची तरी हुशारीच म्हणायची!

शब्दाच्या मागे लागलं की असं होतं. आपण आयटीवाले स्वतःला इंजिनिअर म्हणवतो, मॅन्युअल काम ऑटोमेट केलं की पाठ थोपटून घेतो. किती तास वाचले ते प्रेझेंटेशनमध्ये टाकतो. वाचलेले तास कुणाच्या पदरात पडले, ही स्लाइड सहसा नसते. व्हिटनीचं यंत्र झकास चालत होतं, बग एकही नव्हता. तरी 40 लाख माणसांसाठी ते फासच ठरलं.

दसरा-दिवाळीनंतर कधी जळगाव-धुळ्याकडे गेलात तर कापसाने ओसंडणाऱ्या गाड्या जिनच्या फाटकाबाहेर उभ्या दिसतील. दोन मिनिटं थांबून बघा. आपल्या डिग्रीतला शब्दच त्या फाटकावर लिहिलेला असतो, फक्त पहिलं अक्षर झिजलंय.